सांता क्लारा काउंटीतील सार्वजनिक नोंदी: कोणता कागद कोणत्या कार्यालयात असतो आणि तो कसा मिळवावा

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), म्हणजे सॅन होजे, सनीवेल, क्युपर्टिनो, मिल्पिटास या परिसरात, नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे बरीच आहेत. येथे स्थिरावल्यावर काही वर्षांत मूल जन्मते, कोणाचे लग्न होते, घर घेतले जाते, कधी भेटीला आलेले वडीलधारे माणूस येथेच निवर्तते. अशा प्रत्येक घटनेची सरकारदरबारी नोंद होते. ती नोंद पुढे पारपत्रासाठी, ओसीआयसाठी (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देते ते कार्ड), बँकेसाठी किंवा वारसाहक्कासाठी मागितली जाते आणि नेमके कोणत्या खिडकीवर जावे हे कोणालाच ठाऊक नसते. स्वतःच्या आणि परिचितांच्या कामांसाठी या कार्यालयांत जाणे झाल्यामुळे जे समजले, ते नव्याने आलेल्यांसाठी क्रमाने मांडत आहे. येथील कायद्याने नोंदी पाहण्याचा अधिकार फार उदारपणे दिला आहे. अडचण येते ती योग्य कार्यालय आणि योग्य प्रकारची प्रत न कळल्यामुळे.

१. घटना कोठे घडली आणि तिची नोंद कोणी केली, हे आधी निश्चित करा

आपल्याकडे जिल्ह्याचे बहुतेक महसुली दप्तर जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली असते. त्या सवयीने येथे ‘काउंटी ऑफिस’ शोधू नका, कारण तसे एकच कार्यालय नाही. जन्म, मृत्यू, विवाह आणि मालमत्तेचे दस्त क्लर्क-रेकॉर्डर कार्यालय सांभाळते. मालमत्तेचे करमूल्य असेसर ठरवतो आणि तो लोकांतून स्वतंत्रपणे निवडून येतो. शेरीफ, म्हणजे काउंटीच्या पोलीस यंत्रणेचा प्रमुख, हाही तसाच निवडून येतो. खटल्यांचे कागद सुपिरिअर कोर्टात असतात आणि ते न्यायालय राज्याच्या न्यायव्यवस्थेचा भाग असल्यामुळे काउंटीच्या कारभाराबाहेर आहे. एका कार्यालयात दिलेला अर्ज दुसऱ्याकडे आपोआप जाईल अशी अपेक्षा ठेवू नये.

दुसरा गोंधळ शहर आणि काउंटी यांचा होतो. या काउंटीत १५ शहरे आहेत आणि त्यांपैकी एकाचे नावही सांता क्लाराच आहे. आपले घर एखाद्या शहराच्या हद्दीत असेल, तर बांधकाम परवाने आणि बहुतेक ठिकाणी पोलीस अहवाल त्या शहराकडे असतात. शहरांच्या हद्दीबाहेरच्या जमिनीचे परवानेच तेवढे काउंटीकडे असतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. नोंद घटनेच्या ठिकाणी होते, राहण्याच्या ठिकाणी नव्हे. फ्रीमाँटमध्ये राहणाऱ्या दांपत्याचे बाळ सॅन होजेच्या रुग्णालयात जन्मले, तर फ्रीमाँट अलामेडा काउंटीत असले तरी जन्माची नोंद सांता क्लारा काउंटीत होते. उलट, पालो अल्टोत राहणाऱ्याचा मृत्यू मेन्लो पार्कमध्ये झाला, तर नोंद शेजारच्या सॅन मटेओ काउंटीत शोधावी लागते. विवाहाचा नियम याहून वेगळा आहे, तो पुढे सांगते.

२. निघण्यापूर्वी हे सोबत घ्या

- छायाचित्र असलेले ओळखपत्र: चालक परवाना, राज्याचे ओळखपत्र किंवा पारपत्र.
- ज्या व्यक्तीची नोंद हवी तिचे संपूर्ण नाव, नोंदीत जसे लिहिले गेले असण्याची शक्यता आहे तसे. घटनेची तारीख आणि शहर.
- जन्माच्या नोंदीसाठी आई-वडिलांची नावे, आईचे माहेरचे आडनाव धरून.
- मालमत्तेसाठी एपीएन, म्हणजे असेसरने प्रत्येक भूखंडाला दिलेला क्रमांक. तो मालमत्ता कराच्या बिलावर असतो आणि या काउंटीत तीन, दोन व तीन अंकांच्या गटांत लिहिला जातो.
- न्यायालयीन कागदासाठी खटला क्रमांक. तो नसल्यास पक्षकारांची नावे आणि अंदाजे वर्ष.

पत्ता आणि वेळ त्याच दिवशी अधिकृत संकेतस्थळावर तपासून निघा. क्लर्क-रेकॉर्डर आणि असेसर ही दोन्ही कार्यालये आता सॅन होजेच्या वेस्ट टास्मन ड्राइव्हवर आहेत. जुन्या माहितीपत्रकांत मात्र अजूनही वेस्ट हेडिंग स्ट्रीटचा पत्ता आढळतो. तेथे काउंटीचे मुख्य शासकीय संकुल आहे. बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या, म्हणजे काउंटीच्या निर्वाचित मंडळाच्या, बैठका तेथे होतात, पण जन्मदाखला तेथे मिळणार नाही.

नावाच्या बाबतीत मराठी माणसाने विशेष सावध असले पाहिजे. आपण वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये लावतो. येथील संगणकात कधी ते मधले नाव म्हणून जाते, कधी पहिल्या नावाला चिकटते, तर कधी आडनावाचाच भाग होते. आडनावाची इंग्रजी वर्णाक्षरेही एकाच घरात दोन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. म्हणून सूचीत नाव सापडले नाही तर नोंदच नाही असे समजू नका. सर्व संभाव्य रूपे कागदावर लिहून घ्या आणि एकेक करून शोधा.

३. जन्म, मृत्यू आणि विवाहाचे दाखले

कॅलिफोर्नियात या दाखल्यांच्या प्रमाणित प्रती दोन प्रकारच्या असतात आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. पहिली अधिकृत प्रमाणित प्रत. ती फक्त कायद्याने ठरवलेल्या व्यक्तींना मिळते: ज्याची नोंद आहे ती व्यक्ती, तिचे आई-वडील किंवा कायदेशीर पालक, पती-पत्नी, मुले, भावंडे, आजी-आजोबा, नातवंडे, त्यांचे वकील आणि असे काही मोजके लोक. दुसरी माहितीपर प्रमाणित प्रत. ती कोणीही मागू शकतो, पण तिच्यावर ‘ओळख सिद्ध करण्यासाठी ग्राह्य नाही’ या अर्थाची ओळ ठळकपणे छापलेली असते. दोन्ही प्रतींवर शिक्का असतो आणि दोन्ही प्रमाणितच म्हणवल्या जातात. त्यामुळे अर्जातील चुकीच्या चौकटीत खूण केली, तर पैसे भरून हाती आलेला कागद पारपत्र किंवा ओसीआयच्या कामाला उपयोगी पडत नाही.

अधिकृत प्रतीसाठी आपण पात्र असल्याचे शपथपूर्वक निवेदन द्यावे लागते. प्रत्यक्ष गेलात तर ते कर्मचाऱ्यासमोर सही करून होते. टपालाने अर्ज पाठवायचा असेल तर त्यावर नोटरीची मोहर आवश्यक असते. ही मोहर राहिली की संपूर्ण अर्ज परत येतो, म्हणून पाकीट बंद करण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहा.

अगदी अलीकडच्या जन्म-मृत्यूच्या प्रती काउंटीच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असतात आणि काही काळानंतर क्लर्क-रेकॉर्डरकडे मिळू लागतात. घटना चालू किंवा मागील वर्षातील असेल तर दोन्ही विभागांची पाने पाहून मगच जा. राज्यस्तरावरील नोंदणी जुलै १९०५ पासून सुरू झाली. त्यापूर्वीच्या नोंदी काउंटीच्या दप्तरातच शोधाव्या लागतात.

बाळाच्या जन्माची नोंद होताना रुग्णालयात जो मसुदा दाखवतात तो शांतपणे, अक्षर अन् अक्षर वाचा. पुढे दुरुस्ती करता येते, पण ती काउंटीच्या हातात नसते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडे त्यासाठी प्रतिज्ञापत्र पाठवावे लागते. शिवाय दुरुस्ती मंजूर झाली तरी मूळ पान बदलत नाही. दुरुस्तीचे पान मूळ नोंदीला जोडले जाते आणि दाखला दोन पानांचा होतो. मधल्या नावात वडिलांचे नाव लावायचे की नाही याचा निर्णय प्रसूतीच्या गडबडीत घेण्यापेक्षा घरी आधीच केलेला बरा.

विवाहाची नोंद विवाह जेथे झाला त्या काउंटीत नसून, विवाह परवाना ज्या काउंटीने दिला तेथे असते. हा परवाना राज्यात कोठेही चालतो आणि दिल्यापासून ९० दिवस वैध असतो. सॅन होजेत परवाना घेऊन लिव्हरमोरच्या शिव-विष्णू मंदिरात लग्न लावणारी जोडपी पुष्कळ आहेत. लिव्हरमोर अलामेडा काउंटीत असले तरी त्यांची नोंद सांता क्लारा काउंटीतच होते. विधी लावणाऱ्याने सही केलेला परवाना १० दिवसांच्या आत काउंटीकडे परत पाठवणे बंधनकारक आहे. गुरुजींनी तो पाठवला का, हे एकदा आवर्जून विचारा, कारण त्याशिवाय नोंदच पूर्ण होत नाही. मंदिराने दिलेले सुबक प्रमाणपत्र जपून ठेवावे, पण सरकारी कामासाठी ते पुरत नाही. काउंटीची प्रमाणित प्रत वेगळी मागवावी लागते.

कॅलिफोर्नियात गोपनीय विवाह परवाना हाही एक प्रकार आहे. त्याची नोंद फक्त ज्या काउंटीने परवाना दिला तिच्या क्लर्ककडे राहते आणि प्रत केवळ त्या दोघांना किंवा न्यायालयाच्या आदेशानेच मिळते. आपण कोणता परवाना घेतला होता हे आठवत नसेल तर अर्ज करण्यापूर्वी तपासा.

४. दाखला भारतात वापरायचा असेल तर अपॉस्टील

मृत्यूचा दाखला पुण्यातील बँकेला हवा आहे, किंवा विवाहाचा दाखला भारतातील न्यायालयात सादर करायचा आहे, अशा वेळी काउंटीची प्रमाणित प्रत एकटी पुरेशी होत नाही. तिच्यावर अपॉस्टील, म्हणजे प्रतीवरील सही खरी असल्याचे परदेशात मान्य होणारे प्रमाणपत्र, लावून घ्यावे लागते. भारत २००५ पासून हेग अपॉस्टील कराराचा सदस्य असल्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का घेण्याची जुनी पद्धत आता लागत नाही. अपॉस्टील काउंटी देत नाही. ते सॅक्रमेंटोतील, राज्य सरकारच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून मिळते आणि शुल्क दर कागदामागे २० डॉलर आहे.

हे कार्यालय दाखल्यातील मजकूर तपासत नाही. प्रतीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याची सही ते पडताळते. म्हणून अपॉस्टील घ्यायचे असल्यास शक्यतो क्लर्क-रेकॉर्डरच्या सहीची नवी प्रत मागवा, आणि आरोग्य विभागाची प्रत हाती असेल तर ती सही स्वीकारली जाईल का हे आधी विचारून घ्या. प्रतीला प्लास्टिकचे आवरण चढवू नका आणि छायाप्रत पाठवू नका. मृत्यूच्या दाखल्याच्या बाबतीत माझा आग्रहाचा सल्ला असा की सुरुवातीलाच चार-पाच प्रती घ्याव्यात. विमा, बँका, निवृत्तिवेतन आणि भारतातील वारसाची कामे एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येक ठिकाणी मूळ प्रमाणित प्रतच मागतात. दुःखात असलेल्या कुटुंबावर पुन्हापुन्हा अर्ज करण्याची वेळ येऊ नये.

५. घर आणि जमिनीचे दस्त

आपल्याकडच्या सातबाऱ्यात मालक कोण, क्षेत्र किती आणि इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे हे एकाच उताऱ्यावर दिसते. येथे तसा उतारा नाही. मालकीचे सरकारी प्रमाणपत्रही नाही. एकामागून एक नोंदवलेल्या दस्तांची साखळी जुळवूनच मालकी सिद्ध होते, आणि ती साखळी आपली आपण वाचावी लागते. घर घेताना टायटल कंपनी, म्हणजे मालकीहक्क तपासून त्याचा विमा देणारी कंपनी, हे काम करतेच, तरीही प्रत्येक घरमालकाने ते एकदा स्वतः करून पाहावे असे मला मनापासून वाटते.

सुरुवात असेसरकडून करा. त्याच्या संकेतस्थळावर पत्ता घातला की एपीएन मिळतो, करमूल्य दिसते आणि भूखंडाचा नकाशा उघडतो. दोन गैरसमज मात्र टाळा. तेथे दिसणारे मूल्य बाजारभाव नव्हे. १९७८ च्या प्रस्ताव १३ नुसार करमूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनीच वाढते आणि मालकी बदलली की नव्याने ठरते, त्यामुळे शेजारशेजारच्या सारख्या घरांची मूल्ये अनेक पटींनी वेगळी असू शकतात. तसेच असेसरचा नकाशा कर आकारणीपुरता असतो. कुंपणाच्या वादात तो हद्दीचा पुरावा ठरत नाही, त्यासाठी परवानाधारक भूमापकाची मोजणी लागते.

मालकाचे नाव संकेतस्थळावर दिसले नाही तर ती नोंद गुप्त आहे असे समजू नका. निवडून आलेल्या किंवा नियुक्त अधिकाऱ्यांचे घरचे पत्ते त्यांच्या लेखी परवानगीशिवाय इंटरनेटवर टाकण्यास राज्याच्या कायद्याने बंदी आहे, म्हणून काउंट्या सरसकट सर्वच मालकांची नावे ऑनलाइन दाखवण्याचे टाळतात. प्रत्यक्ष कार्यालयात ती माहिती पाहता येते.

यानंतर रेकॉर्डरकडे वळा. तेथील सूची पत्त्यावरून चालत नाही. ती देणारा आणि घेणारा यांच्या नावांवरून लावलेली असते आणि येथेच नवखा माणूस अडतो. म्हणून आधी मालकाचे नाव मिळवा, ते ‘घेणारा’ म्हणून शोधा, त्या दस्तातून विकणाऱ्याचे नाव घ्या, मग तो विकणारा पूर्वी कधी ‘घेणारा’ होता ते शोधा, आणि असे मागे मागे जात राहा. सूची ऑनलाइन पाहता येते. दस्ताची प्रत काउंटरवरून घ्यावी किंवा मागवावी. फार जुन्या दस्तांना क्रमांकाऐवजी पुस्तक आणि पान यांचा निर्देश असतो, तो तसाच अर्जात लिहावा.

साखळीत भेटणारे मुख्य दस्त ओळखून ठेवा. ग्रँट डीड म्हणजे मालकी देणारा दस्त. क्विटक्लेम डीडमध्ये देणारा आपला काही हक्क असल्यास तो सोडतो, पण आपण मालक आहोत याची हमी देत नाही. डीड ऑफ ट्रस्ट म्हणजे कर्जाचे तारण. कर्ज फिटल्यावर ते तारण सुटल्याचा जो दस्त होतो तो रीकन्व्हेयन्स. घराचे कर्ज फेडले किंवा दुसऱ्या बँकेकडे वळवले, तर जुन्या कर्जाचा रीकन्व्हेयन्स नोंदला गेला आहे ना, हे काही महिन्यांनी सूचीत पाहाच. तो नोंदवण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आणि ट्रस्टीवर (डीड ऑफ ट्रस्टमध्ये तारण ज्याच्या नावे असते त्या त्रयस्थावर) आहे. त्यांच्याकडून राहिला तर घर विकताना बऱ्याच वर्षांपूर्वी फिटलेले कर्ज पुन्हा समोर उभे राहते आणि तोवर ती बँक दुसऱ्या बँकेत विलीनही झालेली असू शकते. यांखेरीज ठेकेदाराचे पैसे थकल्याचा दावा, न्यायालयीन निवाड्याचा सारांश, हप्ते थकल्याची सूचना असे दस्तही तेथेच सापडतात. घर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या नावावर हे पाहून घ्यावे.

दस्ताच्या पहिल्या पानावर हस्तांतरण कराची रक्कम असते. काउंटीचा दर किमतीच्या प्रत्येक हजार डॉलरमागे १ डॉलर १० सेंट आहे, त्यामुळे १,१०० डॉलर कर दिसला तर व्यवहार साधारण १० लाख डॉलरचा झाला असे कळते. सॅन होजेसारखी काही शहरे स्वतःचा कर वेगळा लावतात, तेव्हा आकडा वाचताना काउंटीचा भाग कोणता हे पाहा.

अनेक मराठी कुटुंबे घर लिव्हिंग ट्रस्टच्या, म्हणजे आपल्या हयातीतच केलेल्या कौटुंबिक न्यासाच्या, नावे करतात. तसे केल्यास घर ट्रस्टकडे गेल्याचा दस्त सार्वजनिक राहतो, पण कोणाला काय द्यायचे हे सांगणारा ट्रस्टचा करार रेकॉर्डरकडे नोंदवावा लागत नाही आणि सार्वजनिकही होत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दस्त वाचताना मनाची तयारी ठेवा. ‘गोऱ्या वंशाव्यतिरिक्त कोणालाही येथे राहता येणार नाही, घरकामाचे नोकर याला अपवाद’ अशा आशयाची कलमे त्या काळच्या वसाहतींच्या दस्तांत सर्रास होती आणि आशियाई लोक त्या बंदीत येत असत. ज्या घरात आज आपण राहतो त्याच घराच्या साखळीत असे कलम सापडले की अंगावर काटा येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात अशी कलमे न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, पण कागदावर ती तशीच राहिली. कॅलिफोर्नियाच्या २०२१ च्या कायद्याने ती शोधून झाकण्याचे काम काउंटी रेकॉर्डरांवर सोपवले. सांता क्लारा काउंटीने स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या मदतीने लाखो जुने दस्त मजकूर वाचणाऱ्या संगणकीय भाषा-प्रारूपाकडून (एआयकडून) तपासून घेतले आहेत. आपल्या दस्तात असे कलम आढळल्यास ते काढण्यासाठी घरमालक स्वतःही रेकॉर्डरकडे दुरुस्ती अर्ज देऊ शकतो. मूळ प्रत इतिहासासाठी जतन होते. हा अर्ज जरूर करावा असे माझे मत आहे.

घर घेतल्यावर काही आठवड्यांत सरकारी भासणारी पत्रे येऊ लागतात: ‘आपल्या दस्ताची प्रमाणित प्रत आवश्यक आहे, अमुक तारखेपर्यंत इतके डॉलर भरा.’ ही पत्रे खाजगी विक्रेत्यांची असतात. नोंदवलेला मूळ दस्त रेकॉर्डर आपल्याला टपालाने परत पाठवतोच, आणि आणखी प्रत हवी असल्यास ती रेकॉर्डरकडून त्या रकमेच्या अल्पशा भागात मिळते.

६. न्यायालयातील कागद

दिवाणी, वारसाविषयक आणि कौटुंबिक प्रकरणांसाठी सॅन होजेच्या नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवरील न्यायालयीन इमारतींत जावे लागते. खटल्यांची सूची आणि कामकाजाची यादी ऑनलाइन दिसते, आणि दिवाणी खटल्यांतील बरेच कागदही. परंतु फौजदारी, कौटुंबिक आणि पालकत्वाच्या प्रकरणांतील कागद राज्याच्या न्यायालयीन नियमांनुसार इंटरनेटवर ठेवत नाहीत. ते सार्वजनिक असले तरी न्यायालयात जाऊनच वाचावे लागतात. साध्या प्रतीचा दर पानाला ५० सेंट आहे. शोध १० मिनिटांहून अधिक चालला तर १५ डॉलर शोधशुल्क लागते, म्हणून खटला क्रमांक आधी ऑनलाइन काढून नेणे शहाणपणाचे.

घटस्फोटाचा निवाडा फक्त ज्या सुपिरिअर कोर्टाने दिला तेथेच मिळतो. राज्याच्या आरोग्य खात्याकडे १९६२ ते जून १९८४ या काळातील घटस्फोटांचे नोंद-प्रमाणपत्र मिळते, पण तो निवाडा नव्हे. पुनर्विवाहासाठी किंवा भारतातील कामासाठी निवाड्याची प्रमाणित प्रत लागते.

७. पोलीस अहवाल आणि बांधकाम परवाने

अपघात किंवा चोरीचा अहवाल ज्या यंत्रणेने लिहिला तिच्याकडेच मागावा. महामार्गावरील अपघात कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलकडे, शहरातला शहर पोलिसांकडे. क्युपर्टिनो, सॅराटोगा आणि लॉस अल्टोस हिल्स या शहरांचे स्वतःचे पोलीस दल नाही; तेथील काम शेरीफ पाहतो, तेव्हा अर्ज शेरीफच्या नोंद विभागात करा. अपघाताचा अहवाल वाटेल त्याला मिळत नाही, संबंधित व्यक्ती व त्यांच्या विमा कंपन्यांनाच मिळतो.

घराच्या वाढीव खोलीला परवाना होता का, हे शहराच्या बांधकाम विभागात विनासायास कळते. घर घेण्यापूर्वी ते पाहावे. मूळ आराखड्याची गोष्ट वेगळी आहे. आराखडा तेथे बसून पाहता येतो, पण त्याची प्रत हवी असल्यास मालकाची आणि आराखडा करणाऱ्या वास्तुविशारदाची किंवा अभियंत्याची परवानगी लागते.

८. ठरावीक अर्ज नसलेल्या कागदांसाठी पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्ट

आतापर्यंतच्या प्रत्येक कागदासाठी छापील अर्ज आणि ठरलेले शुल्क होते. परंतु ठेकेदाराशी झालेला करार, रेस्टॉरंटच्या तपासणीसंबंधीचा पत्रव्यवहार, रस्त्याच्या वाहतुकीची पाहणी, खात्याचा अंतर्गत अहवाल असे काही हवे असेल, तर १९६८ चा कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्ट वापरावा. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याची ज्यांना ओळख आहे त्यांना तो पटकन समजेल, मात्र फरक लक्षात ठेवा. भारतात हा अधिकार नागरिकांना आहे. येथे तो कोणत्याही व्यक्तीला आहे, त्यामुळे एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी अर्ज करण्यास कचरू नये. कारण सांगावे लागत नाही. कागद पाहणे विनामूल्य आहे आणि प्रतीसाठी फक्त प्रत काढण्याचा प्रत्यक्ष खर्च घेता येतो.

अर्ज इंग्रजीत, ईमेलने किंवा त्या विभागाच्या संकेतस्थळावरून करा. त्यात चार गोष्टी असाव्यात: हा अर्ज या कायद्याखाली आहे असे वाक्य, हव्या असलेल्या कागदांचे वर्णन, म्हणजे विषय, विभाग आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कागद संगणकीय स्वरूपात हवेत ही विनंती, आणि खर्च ठरावीक रकमेपेक्षा जास्त होणार असेल तर आधी कळवावे ही सूचना. प्रश्न विचारू नका, कागद मागा. ‘आमच्या चौकात सिग्नल का बसवला नाही’ याचे उत्तर देण्यास कार्यालय या कायद्याने बांधील नाही. ‘या चौकासंबंधी २०२२ ते २०२४ या काळात झालेल्या वाहतूक पाहण्यांचे अहवाल’ देण्यास मात्र ते बांधील आहे. अर्ज मोघम असेल तर तो नेमका करण्यास अर्जदाराला मदत करणे हेही कार्यालयाचे कर्तव्य आहे, तेव्हा तसे विचारण्यात संकोच नको.

कार्यालयाने १० दिवसांत उत्तर द्यावयाचे असते आणि विशेष कारण असल्यास आणखी १४ दिवस घेता येतात. ही मुदत कागद देणार की नाही हे कळवण्याची आहे. कागद प्रत्यक्ष हाती येण्यास त्याहून अधिक वेळ लागू शकतो. अंदाजे तारीख विचारून ठेवा. न्यायालयाच्या खटल्यांतील कागदांना हा कायदा लागू नाही, तेथे न्यायालयाचे स्वतःचे नियम चालतात.

९. नकार आला तर

नकार लेखी मागा. लेखी अर्जाला नकार देताना कार्यालयाने कायद्यातील कोणत्या अपवादाचा आधार घेतला हे सांगितले पाहिजे आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव व पद कळवले पाहिजे. कागदाचा काही भाग गोपनीय असेल तर तेवढाच झाकून उरलेला द्यावा लागतो. संपूर्ण नकार आल्यास हा मुद्दा सौम्य शब्दांत लिहून पुन्हा पाठवा. बऱ्याच वेळा तेवढ्याने काम होते.

येथे माहिती अधिकारासारखे पहिले अपील, दुसरे अपील आणि माहिती आयोग अशी उतरंड नाही. यापुढची पायरी थेट सुपिरिअर कोर्ट आहे. ती मोठी वाटते, पण अर्जदार जिंकल्यास त्याच्या वकिलाचा वाजवी खर्च त्या सरकारी संस्थेला द्यावा लागतो, म्हणून अशी प्रकरणे घेणारे वकील मिळतात. याच काउंटीत दोन महत्त्वाचे निर्णय घडले आहेत. काउंटीने आपल्या भूखंडांचा संगणकीय मूळ नकाशा (बेसमॅप) स्वामित्वहक्क आणि सुरक्षिततेचे कारण देऊन रोखला होता. २००९ मध्ये अपील न्यायालयाने तो प्रत काढण्याच्या खर्चात देण्यास सांगितले. २०१७ मध्ये सॅन होजे शहराच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की अधिकाऱ्यांनी आपल्या खाजगी ईमेल खात्यावरून किंवा फोनवरून केलेला सरकारी कामाचा पत्रव्यवहारही सार्वजनिक नोंदच आहे. त्यामुळे अर्जात कागदांचे वर्णन करताना खाजगी खात्यांवरील सरकारी पत्रव्यवहाराचाही उल्लेख करता येतो.

न्यायालयात जाण्याची वेळ आली तर अर्ज कधी केला, उत्तर कधी आले आणि त्यात काय म्हटले होते हेच प्रथम विचारले जाते. फोनवर बोलणे झाले असेल तर त्याच दिवशी त्याचा सारांश ईमेलने त्या कर्मचाऱ्याला पाठवा आणि पहिल्या अर्जापासूनचा सर्व पत्रव्यवहार तारीखवार एका ठिकाणी ठेवा.